खिसा

मार्गिट आली तेव्हा मी बॉबिन भरत होते.
दूध बाजारच्या बोळात, सहा बाय आठच्या दुकानात
तिची कॅमेऱ्याची बॅग ठेवायला जागा नव्हती,
मी इस्त्रीचं टेबल मोकळं करून दिलं.
सोबत दुभाषी, पंचवटीतली मैथिली.
स्कूटीवरून आलेली, फक्त डोळे दिसत होते,
तोंडाचा स्कार्फ सोडून तिने खुंटीला अडकवला.

पहिला प्रश्न इंग्रजीतून निघाला तेव्हा लांबलचक होता,
मराठीत पोचेपर्यंत त्याचे कोपरे झिजले:
"मावशी, तुम्हाला आत कोंडल्यासारखं होतं का?"
मी म्हटलं, होतं.
मे महिन्यात, लाइट जाते तेव्हा.
मार्गिटने वहीत खूप वेळ लिहिलं.
एवढं मी बोलले नव्हते.

मग मी तिला खिसा दाखवला.
माझी युक्ती.
डाव्या शिवणीत, कमरेच्या जरा खाली, तिरका काप,
आत पॉपलीनची पिशवी, दुहेरी टीप.
बाहेरून बघाल तर काहीच नाही.
या खिशासाठी सय्यदपिंप्रीहून बायका येतात.
एकीच्या खिशात कोर्टाची तारीख, नवऱ्याला ठाऊक नसलेली.
एकीच्यात तंबाखूची डबी, सुनेला ठाऊक असलेली.
तसनीम नर्स, तिचं थर्मामीटर.
माझ्या खिशात खडू आणि भाजके शेंगदाणे.
मैथिली हसत सुटली.
मार्गिटही हसली, जरा उशिरा,
आणि खुणेनं म्हणाली, तोंडावर घ्या.

मी तोंड झाकत नाही.
दिवसभर तोंडात टाचण्या असतात.
पण पाहुणी होती, लांबून आलेली.
टाचण्या काढून उशीला टोचल्या,
विकायला टांगलेला नकाब उतरवला, बांधला.

बुधवारच्या बाजारातून त्यांनी मला घाटावर नेलं.
शेवंता तिच्या भाज्यांमागून ओरडली,
"कुलसुम, काय गं, तोंड लपवून कुठं चाललीस?
कुणाचे पैसे बुडवलेस?"
चालीवरूनच ओळखलं तिनं.
मी म्हटलं, दोन जुड्या मेथी ठेव, येताना नेते.
मैथिली म्हणाली, मावशी, बोलू नका.
मैथिली म्हणाली, दूर बघा.
दूर घंटागाडी उभी होती. तिच्याकडे बघितलं.

सात-आठ महिन्यांनी फोटो आला, मोबाइलवर.
माझे डोळे, मागे गोदावरी,
खाली एकच शब्द.
मैथिलीने चाचरत अर्थ सांगितला: मौन.
अख्खा बोळ हसला.
माझे यजमान असते
तर हसता हसता त्यांना ठसका लागला असता.

तिचा प्रश्न मात्र वाईट नव्हता.
पत्ता चुकला होता.

परवा मुश्ताकभाई आले, हातात चिठ्ठी.
छाती एकोणतीस, लांबी अठ्ठेचाळीस.
"कुणाचं माप?"
"पुतणीचं. शिरीन. सातवीत आहे."
"ती कुठंय?"
"तिचं काय काम? माप आहे ना."
मी चिठ्ठी परत सरकवली.
भाई, चिठ्ठीच्या अंगावर बुरखा बसत नाही,
पोरगी आणा.

आणली. शाळेचे बूट, एक नाडी सुटलेली.
काकांना चहा सांगायला कोपऱ्यावर पाठवलं,
टेप तिच्या खांद्यावर ठेवला
आणि मार्गिटचा प्रश्न उसना घेतला,
होता तसा, झिजलेल्या कोपऱ्यांसकट.
वर आणखी एक माझा:
"तुला विचारलं का गं कुणी?"

शिरीन टेपवरचे आकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"बाजी, पळताना पायात येतो का?"
पळतेस?
"शंभर मीटर. तालुक्यात दुसरी."

येतो, मी म्हटलं.
पंचवीस वर्षं शिवतेय, खोटं कशाला बोलू.

कापड फळीवर आहे, घडी मोडलेली नाही.
मुश्ताकभाई रोज संध्याकाळी डोकावतात,
झालं का?
रोज सांगते, लाइट नव्हती.
माझं मशीन पायाचं आहे.
त्यांनी अजून खाली बघितलेलं नाही.